शिंगावरचं रेडियम आणि पुस्तकातलं रेडियम

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बालपुरवणीत मूलद्रव्यांची ओळख करून देणारं सदर चालू आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवून मी निवृत्त झाले, तरी असं काही दिसलं की कात्री हातात घेतेच. लोखंड, तांबं, गंधक, चुना, सगळी कात्रणं वहीत चिकटवली आहेत. शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर गावातली पंधरा-वीस पोरं जमतात, त्यांच्यापुढे ती वाचून दाखवते. गेल्या महिन्यात त्या सदरात रेडियम आलं. त्यावरून आमच्या गावात जे घडलं ते आपल्याला कळवणं मला गरजेचं वाटतं. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल माफी असावी.

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. टोळ्या निघायच्या आधी महिना-दीड महिना गावात एकच लगबग असते. कुणी टायरगाडीची धाव बघतं, कुणी साट्याच्या फळ्या बदलतं, कुणी बैलांना पत्र्या मारून आणतं. आणि एक काम प्रत्येक जण करतो. तालुक्याला जाऊन रेडियमच्या पट्ट्या आणतो आणि गाडीच्या मागे, जुवाला, बैलांच्या शिंगांना लावतो. साखर कारखान्याच्या रस्त्यावर या गाड्या रात्री-अपरात्री चालतात. गाडीला ना दिवा, ना हॉर्न. मागून भरधाव ट्रक येतो, त्याला समोर काही आहे हे सांगणारी एकच वस्तू असते, ती लाल-पिवळी पट्टी.

आपल्या सदरात रेडियमची माहिती अशी होती: हे अतिशय घातक किरणोत्सारी मूलद्रव्य आहे, अंधारात चमकतं, त्याच्या सहवासाने हाडं सडतात आणि कर्करोग होतो, त्याचा शोध लावणाऱ्या मेरी क्युरी त्यानेच दगावल्या. सोबत हिरव्या उजेडात झळकणाऱ्या बाटलीचं चित्र. यातलं एकही वाक्य अगदीच खोटं म्हणता येणार नाही. पण आमच्या पारावरचा सातवीतला एक मुलगा ते ऐकून घरी गेला आणि त्याने खुरपं हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आजी माझ्या दारात उभी. "बाई, पोरानं समदं खरवडून काढलं बगा. गाडीचं काढलं, बैलाच्या शिंगाचं काढलं, पोरीच्या सायकलीचं बी काढलं. म्हनतो, पेपरात आलंय, रेडियमनं हाडं सडतेत. म्या म्हनलं, पेपरात हाय तर खरंच आसंल. म्याच उकिरड्यावर टाकून आले."

मी तिच्यासोबत गेले. गोठ्यात दोन खिलारी बैल उभे होते. पोळ्याला लावलेला हिंगूळ शिंगांवर अजून होता आणि त्यात चार बोटं रुंदीचे कोरे पट्टे पडले होते. डिंकाचा चिकटा राहू नये म्हणून पोराने रॉकेलच्या बोळ्याने शिंगं पुसली होती. किती मनापासून काम केलं होतं त्याने! आई-बाप त्याच गाडीवर बसून पाच महिने जाणार होते. त्यांना विषापासून वाचवायचं म्हणून त्याने ते केलं होतं. आणि त्यांना रस्त्यावर वाचवणारी वस्तूच काढून टाकली होती.

संपादक महोदय, यात मुलाचा दोष नाही आणि आजीचाही नाही. त्या घरात छापलेल्या अक्षरावर विश्वास आहे. लेख लिहिणाऱ्याच्या ध्यानात एकच गोष्ट आली नाही, ती म्हणजे मराठीत रेडियम दोन आहेत. तालुक्याच्या गावी 'रेडियम आर्ट' अशी पाटी नसलेली गल्ली सापडणार नाही. नंबर प्लेटवर रेडियम, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला रेडियम, मोटारसायकलच्या टाकीवर शिवाजी महाराजांचं रेडियम. आमच्या मुलांना हा शब्द चालता-बोलता येतो. पुस्तकातलं रेडियम त्यांच्या कानावर नंतर पडतं. म्हणून या मूलद्रव्याची ओळख करून देताना पहिलं वाक्य हेच हवं: तुमच्या सायकलीवर आहे ते रेडियम नव्हे.

त्या पुढच्या शनिवारी मी पारावर काय केलं ते सविस्तर सांगते, कारण तसं कुणीही करू शकेल. उकिरड्यावरून एक पट्टी शोधून आणली, धुतली, देवळाच्या भिंतीला लावली. दिवस मावळू दिला. मग त्या मुलाच्या हातात बॅटरी दिली आणि सांगितलं, बॅटरी कानाला टेकवून धर, डोळ्याच्या बरोबरीने, आणि पट्टीवर मार. पट्टी अशी पेटली की पोरं ओरडलीच. मग बॅटरी दुसऱ्याच्या हाती देऊन त्याला दहा पावलं बाजूला उभं केलं. उजेड पट्टीवर तेवढाच पडत होता, पण आता आमच्या मुलाला ती मळकट, निस्तेज दिसायला लागली. ज्याच्या हातात बॅटरी होती तो मात्र ओरडत होता, "लई चमकायलीय की!" शेवटी बॅटरी बंद करायला लावली. त्याच क्षणी पट्टी काळी.

हे तीनदा करून पाहिल्यावर मुलांनीच सांगितलं की पट्टीला स्वतःचा उजेड नाही. जिकडून उजेड येतो तिकडेच ती तो परत धाडते. तिच्या आत काचेचे बारीक मणी असतात, रव्याहूनही बारीक. उजेड मण्यात शिरताना वाकतो, मागच्या बाजूवर आपटतो आणि आल्या वाटेने माघारी जातो. ट्रकवाल्याचे दिवे आणि त्याचे डोळे जवळजवळ एकाच जागी असतात, म्हणून त्याला पट्टी दिसते. एक मुलगी म्हणाली, बैलाचे डोळे पण असेच चमकतात बॅटरीत. अगदी बरोबर. बैलाच्या डोळ्याच्या मागे उजेड परतवणारा पडदा असतो. या सगळ्यात रेडियमचा एक कणही नाही.

मग खरं रेडियम कसलं? त्याला बॅटरी लागत नाही. दिवसभर उन्हात ठेवावं लागत नाही. बंद पेटीत वर्षभर ठेवून अंधारात काढलं तरी ते मंद निळसर उजेड देत असतं. हा उजेड येतो कुठून, या प्रश्नावर मुलं गप्प झाली, आणि त्या गप्प होण्यातच शिकवण्याचं सुख असतं. उत्तर असं की रेडियमचा अणू फुटत असतो. एक ग्रॅम रेडियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३,७०० कोटी अणू फुटतात, आणि फुटताना कण आणि किरण बाहेर फेकतात. किरणोत्साराच्या मोजमापाचं 'क्युरी' हे एकक यावरूनच ठरलं.

आमच्या लहानपणी मनगटी घड्याळाच्या चमकणाऱ्या काट्यांना 'रेडियमचे काटे' म्हणत. तिथे खरोखरच रेडियम असे. झिंक सल्फाइडच्या पुडीत किंचित रेडियम कालवून त्याचा रंग करत. रेडियमचे कण झिंक सल्फाइडवर आदळत आणि ते उजळून निघे. पुढे घड्याळातलं रेडियम गेलं, बिनधोक रसायनं आली, पट्ट्या आल्या, पण चमकणाऱ्या वस्तूला चिकटलेलं नाव निघालं नाही. भाषेचं असंच असतं. लोकांनी पट्टीला रेडियम म्हणणं सोडावं असा माझा हट्ट नाही आणि ते सोडणारही नाहीत. फक्त मुलांना फरक माहीत हवा. आणि कुणाच्या पेटीत आजोबांचं तसं जुनं घड्याळ असेल तर ते उघडू नये, काटे खरवडू नयेत, एवढं मात्र आपल्या सदरात जरूर यावं. काटे चमकायचे थांबले म्हणजे विष संपलं असं नसतं. थकतं ते झिंक सल्फाइड. रेडियम तसंच असतं.

किती काळ तसंच असतं, हे मुलांना कसं सांगावं? १६०० वर्षांत निम्मं उरतं, असं फळ्यावर लिहून मी पुष्कळ वर्षं पुढे गेले आहे. ते कुणाच्या डोक्यात शिरलं नाही, हे आता कबूल करते. या वेळी चिंचोके आणले. चिंचोका फोडला की एक बाजू तपकिरी, एक पांढरी. पोरं पटावर फासे म्हणून तेच टाकतात. ६४ फोडी मोजून घेतल्या, पोत्यावर उधळल्या आणि सांगितलं, पांढरी बाजू वर आलेला अणू फुटला, त्याला उचला. उरले ३५. पुन्हा उधळले, उरले १६. मग ९, मग ४. चिंचोका नाण्याइतका सरळ पडत नाही, म्हणून नंतर रुपयाच्या नाण्यांनीही करून पाहिलं, घसरण तशीच. प्रत्येक उधळणीत निम्म्याच्या आसपास जातात, पण कोणता जाणार हे कुणालाच आधी सांगता येत नाही.

शेवटी एकच फोड उरली. ती तीनदा उधळली तरी तपकिरीच पडली. तेव्हा त्या सातवीतल्या मुलाने विचारलं, "बाई, ह्यो लई दमाचा हाय का? का बाकीचे म्हातारे झालते?" मी ३१ वर्षांत ऐकलेल्या प्रश्नांतला हा एक उत्तम प्रश्न. अणू म्हातारा होत नाही. काल तयार झालेला आणि हजार वर्षं टिकलेला, दोघांची उद्या फुटण्याची शक्यता सारखीच. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपण, आपले बैल, आपली गाडी सगळं झिजतं. अणू झिजत नाही. तो असतो, आणि मग एका क्षणी नसतो.

मग १६०० वर्षांची एक उधळण डोळ्यांपुढे आणायला अजिंठा घेतला. आमच्या शाळेची सहल दर दोन-तीन वर्षांनी तिकडे जातेच. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकात, तिथल्या भिंतींवर रंग चढत होते. त्या वेळी एखाद्या रंगाऱ्याने एक ग्रॅम रेडियम कोनाड्यात ठेवलं असतं, तर आज तिथे जवळपास अर्धा ग्रॅम असतं. आणखी १६०० वर्षांनी पाव ग्रॅम. 'एक उधळण म्हणजे अजिंठ्यापासून आजपर्यंत' हे वाक्य आता पोरं स्वतःहून म्हणतात.

आता मेरी क्युरींविषयी. त्यांना आपण दर वेळी 'शोध लावला आणि त्यातच मेल्या' एवढ्या एका ओळीत का उरकतो? आमच्या मुलींना त्या बाईंचं आयुष्य परकं वाटत नाही. ७ नोव्हेंबर १८६७ ला पोलंडमधल्या वॉर्सा शहरात जन्म. देश रशियाच्या ताब्यात, शाळेत स्वतःच्या भाषेतून शिकायची चोरी. मोठ्या बहिणीला पॅरिसला डॉक्टर व्हायचं होतं, घरात पैसा नव्हता. तेव्हा धाकटीने एका खेड्यातल्या जमीनदाराकडे त्यांच्या मुलांना शिकवायची नोकरी धरली आणि बहिणीला पैसे पाठवले. तिथे फावल्या वेळात ती शेतमजुरांच्या मुलांना गुपचूप पोलिश अक्षरं शिकवायची. पकडली गेली असती तर शिक्षा ठरलेली. ही गोष्ट सांगताना मला दर वेळी भरून येतं.

बहीण शिकली, मग हिची पाळी आली. पुढे पॅरिसमध्ये नवरा-बायकोने मिळून काम केलं. १८९८ च्या जुलैत त्यांनी पोलोनियम हे नवं मूलद्रव्य जाहीर केलं, मायदेशाच्या नावाने, आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला रेडियम. पण लोक म्हणाले, दाखवा. दाखवायला चिमूटभर तरी हवं. बोहेमियातल्या (आजच्या चेक देशातल्या) खाणीत युरेनियम काढून घेतल्यावर पिचब्लेंड खनिजाचा चोथा फेकलेला असे. तो पोत्यांनी मागवला. काम करायला मिळाली ती गळक्या काचेच्या छपराची शेड. तिथे कढईत तो चोथा उकळत ठेवायचा आणि आपल्या उंचीच्या लोखंडी कांबीने दिवसभर ढवळायचा.

इथे ऊसतोडीची पोरं पुढे सरकून बसली. कढई, चोथा, टन हे शब्द त्यांच्या घरातले. मी विचारलं, एक टन उसाची साखर किती? उत्तर लगेच आलं, शंभर-सव्वाशे किलो. मग सांगितलं, या बाईंनी जवळपास चार वर्षं टनावारी चोथा उकळला आणि १९०२ मध्ये हाती आलं एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड. कुणी शिट्टी वाजवली, कुणी म्हणालं, "परवडलं नसंल की." त्यावर मी सांगितलं की त्यांनी पेटंटही घेतलं नाही. काढण्याची रीत जगाला मोकळी करून दिली. पुढे रेडियम एवढं महाग झालं की १९२१ मध्ये एक ग्रॅमची किंमत एक लाख डॉलर होती. खुद्द मेरी क्युरींना प्रयोगासाठी ते विकत घेणं शक्य नव्हतं, तेव्हा अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढली आणि राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते त्यांना एक ग्रॅम दिलं. वर्गणीची गोष्ट आमच्या बचत गटाच्या बायकांनाही सांगितली, त्यांना फार आवडली.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती शिक्षकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. १९०७ च्या सुमारास मेरी क्युरी आणि त्यांचे प्राध्यापक मित्र यांनी आपापल्या मुलांसाठी घरचीच शाळा चालवली. मेरीबाईंकडे पदार्थविज्ञान. एकदा त्यांनी मुलांना विचारलं म्हणे, या भांड्यातलं गरम पाणी गरमच ठेवायचं तर काय कराल? कुणी लोकर गुंडाळा म्हणालं, कुणी आणखी काही. बाई म्हणाल्या, मी आधी झाकण ठेवीन. दोन नोबेल मिळवणारी बाई मुलांसमोर असं शिकवायची. आपल्या सदरातली झळकणारी बाटली मुलांना दिपवते. झाकण ठेवायला शिकवत नाही.

धोका सांगूच नये असं मी म्हणत नाही. उलट तो नीट, कारणासकट सांगावा. 'सहवासाने हाडं सडतात' म्हटलं की मूल पट्टी खरवडतं. हाडंच का, हे सांगितलं असतं तर त्याने विचार केला असता. मूलद्रव्यांच्या तक्त्यात कॅल्शियमच्या उभ्या रांगेत खाली स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि तळाला रेडियम. ही सगळी एक भावकी. दुधातून, नाचणीतून, हरभऱ्याच्या भाजीतून आलेलं कॅल्शियम हाडं घरात घेतात. रेडियम पोटात गेलं की हाडं आडनाव बघून त्यालाही घरात घेतात. भावकीतला म्हणून दार उघडलं, आणि तो आत बसून रात्रंदिवस फुटत राहतो. म्हणून पोटात जाणं हे खरं संकट.

आणि ते पोटात कुणाच्या गेलं? ही गोष्ट मी मुलींना सांगते तेव्हा आवाज सांभाळावा लागतो. अमेरिकेत न्यू जर्सी आणि इलिनॉय राज्यांत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घड्याळाच्या तबकड्या रंगवायचे कारखाने निघाले. कामाला मुली, काही तर चौदा-पंधरा वर्षांच्या. आकडे बारीक, म्हणून कुंचल्याला टोक हवं. टोक काढायला कुंचला ओठांत धरायचा, रंगात बुडवायचा, आकडा रंगवायचा, पुन्हा ओठांत. दिवसभर. यात काही अपाय नाही, असं त्यांना सांगितलं होतं. त्या हौसेने नखांना तो रंग लावत. संध्याकाळी घरी निघाल्या की केस आणि कपडे अंधारात चमकत. त्याच कारखान्यात रसायनवाले मात्र शिशाच्या आडोशाने आणि चिमट्याने काम करत. पुढे मुलींचे दात पडायला लागले, जबडे झिजले, हाडं मोडली. ग्रेस फ्रायर नावाच्या मुलीला वकील मिळायला दोन वर्षं लागली. १९२७ मध्ये ती आणि आणखी चौघी न्यायालयात गेल्या. १९२८ मध्ये तडजोड झाली, प्रत्येकीला दहा हजार डॉलर, वर्षाला सहाशे डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. पुढच्या कामगारांच्या सुरक्षेचे नियम कडक होण्यात या मुलींचा मोठा वाटा आहे.

आमच्या पारावरच्या मुलींना हे समजावून सांगावं लागलं नाही. काम कुणाचं, नफा कुणाचा आणि शरीर कुणाचं जातं, हे त्या घरी बघतात. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आपणही छापल्या होत्या. आठवीतली एक मुलगी एवढंच म्हणाली, "त्या पोरींनी विचारलं नव्हतं का, ह्यात काय हाय म्हणून?" विचारलं होतं, बाळा. त्यांना खोटं सांगितलं गेलं.

मेरी क्युरींच्या बाबतीतही तसंच नीट सांगावं. त्यांनी वर्षानुवर्षं उघड्या हातांनी काम केलं, परीक्षानळ्या खिशात ठेवल्या, पहिल्या महायुद्धात क्ष-किरणांची गाडी घेऊन जखमी सैनिकांपर्यंत गेल्या. ४ जुलै १९३४ ला त्या गेल्या, रक्त तयार होणंच बंद पडल्याने. त्यांच्या वह्या आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिशाचं अस्तर असलेल्या पेट्यांत आहेत. वहीला हात लावायचा तर काळजी घ्यावी लागते, हे ऐकून मुलं आपापल्या वहीकडे बघत बसली होती.

एक प्रश्न मी टाळू शकले असते, पण आजीनेच तो विचारला. तिच्या जावेला गर्भपिशवीचा कॅन्सर झाला होता, तिला बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात नेऊन 'लाईट', म्हणजे किरणांचा उपचार, दिली होती. "मंग ती लाईट म्हंजी हेच का?" आमच्याकडे बार्शी म्हटलं की काय ते कुणाला सांगावं लागत नाही, अर्ध्या मराठवाड्याने तिथल्या पायऱ्या चढल्या आहेत. मी सांगितलं, हेच नाही, पण याच वाटेवरचं. रेडियमच्या सुया गाठीजवळ ठेवून उपचार करायला सुरुवात झाली ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी. पुढे किरणोत्सारी कोबाल्ट आलं, ते सव्वापाच वर्षांत निम्मं होतं. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी 'भाभाट्रॉन' नावाचं यंत्र बनवलं आहे. गर्भपिशवीच्या मुखाशी आतून द्यायच्या उपचारात इरिडियम असतं. आणि रेडियमचाच एक भाऊ, रेडियम-२२३, साडेअकरा दिवसांत निम्मा होणारा, हाडांत पसरलेल्या एका प्रकारच्या कर्करोगावर देतात. हाडं त्याला भावकी समजून आत घेतात, हीच खोड तिथे कामाला येते. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जाऊबाई अकरा वर्षं झाली, जित्त्या हायेत."

घातक म्हणून सांगितलेली वस्तू घरातल्या माणसाला जगवून गेली, हे त्या मुलाने ऐकलं. आणि आपण चालतो त्या मातीतही रेडियम आहे, किलोभर मातीत साधारण एक ग्रॅमचा अब्जावा भाग, हेही त्याने ऐकलं. या वेळी तो खुरपं आणायला पळाला नाही. त्याने विचारलं, "मग किती असलं म्हंजी भ्यायचं?" किती आहे, कुठे आहे, शरीराच्या आत की बाहेर, असं विचारायला शिकलेलं मूल मला हवं होतं.

संपादक महोदय, माझी मागणी लहान आहे. त्या सदरात रेडियमवर पुन्हा लिहावं. मोठ्या अक्षरांत, चौकटीत, बैलगाडीच्या आणि सायकलीच्या पट्टीचं चित्र देऊन, की यात किरणोत्सारी रेडियम नसतं, पट्टी काढू नये, मळली असेल तर ओल्या फडक्याने पुसावी, फाटली असेल तर नवी लावावी. बॅटरीचा प्रयोग द्यावा, त्याला खर्च नाही. चिंचोक्यांचाही द्यावा. आणि त्या कारखान्यातल्या मुलींची गोष्ट लहान म्हणून वगळू नये. जागा कमी पडली तर बाटलीचं चित्र काढावं. मेरी क्युरींचा जन्मदिवस ७ नोव्हेंबर. बाबासाहेबांनी शाळेत पहिलं पाऊल टाकलं तो दिवस म्हणून आपल्या राज्यात त्या दिवशी विद्यार्थी दिवस असतो. सविस्तर लेख त्या दिवशी आला तर शाळांना वाचून दाखवायला निमित्त मिळेल.

पट्टीची चौकट मात्र तोवर थांबवू नये. आपला पेपर आमच्या आसपासच्या चाळीस-पन्नास वाड्या-तांड्यांवर जातो. आणखी कुणी पोराने खरवडलं असेल तर ते मला इथे बसून कळणार नाही.

आमच्या गावातल्या त्या गाडीला नव्या पट्ट्या लागल्या आहेत. मुलगा आणि मी एसटीने तालुक्याला गेलो होतो. रेडियमवाल्याने शिंगांसाठी गोल कापून दिल्या. लावायच्या आधी मुलाने राख लावून शिंगं घासली, कारण रॉकेलच्या तेलकटपणावर डिंक धरत नव्हता. संध्याकाळी तो बॅटरी कानाला लावून वेशीपर्यंत मागे मागे गेला आणि तिथून ओरडला, "दिसतंय बाई, हितून बी दिसतंय!"

भाऊबीज झाली की टोळ्या निघतील. त्याच्या आत छापावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. धारूर, जि. बीड